थ्रॅश ऐकू का डूम? मेटल नवीन ऐकणाऱ्यासाठी

मागच्या आठवड्यात आत्याचा पोरगा फोनवर म्हणला, दादा मेटल ऐकायचंय पण सगळं एकसारखंच वाटायलंय, थ्रॅश ऐकू का डूम ते सांग. मेटल म्हणजे जड आवाजाच्या गिटारचं रॉक संगीत, अन् थ्रॅश, डूम हे त्याचेच दोन प्रकार. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहायलोय, त्याच्यासारखे अजून असतीलच की.

थ्रॅश म्हणजे वेग, पण खरी मजा उजव्या हाताच्या शिस्तीत आहे. गिटारच्या तारांवर तळहाताची कड टेकवून पिक (तार छेडायची छोटी चकती) खालीच मारत राहतात, त्यातून जो कोरडा तुटक आवाज येतो ना, तो हलगी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला लगेच पटतो. जाळावर शेकून चामडं ताणलं की हलगी कशी कडाडते, अगदी तसं. स्लेयर बँडचा 1986 चा रेन इन ब्लड अल्बम घे, 10 गाणी अन् सगळी मिळून 29 मिनिटांत संपतात, लातूरहून एसटीत बसलास तर औसा येईस्तोवर अल्बम झाला. अन् मधेच ड्रम अर्ध्या चालीवर उतरतो तिथं मान आपोआप हलायला लागते, ती जागा सापडली की तू थ्रॅशचा झालास.

डूम बरोबर उलटं, इथं तार ढिली. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेली, पोरगा तेव्हा 17 वर्षांचा, त्यात डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या अन् 1971 च्या मास्टर ऑफ रिॲलिटी अल्बमात तारा चांगल्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तिथून पुढं डूम आलं. एक कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) मारतात, ती घुमत राहते, दुसरी कधी येते याची वाट बघायची, अन् त्या वाट बघण्यातच सगळं सुख आहे. स्लीप बँडचं डोपस्मोकर तर एकच गाणं तासाभराच्या वर चालतं. हे इयरफोनवर कळत नाही, आमच्याकडं जुन्या सबवूफरवर लावलं की स्वयंपाकघरात मांडणीतली ताटं थरथरतात, तो आवाज कानाच्या आधी छातीला लागतो.

सोबत गुणगुणायला चाल लागत असेल तर आयर्न मेडन बँड ऐक, दोन गिटार जोडीनं गातात तिथं. डेथ मेटल हा अजून एक प्रकार, तो सध्या राहू दे, त्यातला घोगरा आवाज वाद्य म्हणून ऐकायला कान तयार लागतो.

मला स्वतःला डूम लई जवळचं, पण तुला थ्रॅशच सांगतो. तू मिरवणुकीत हलगीच्या पुढ्यातून हलत नाहीस ते मी बघितलंय. डूमसाठी दिवाळीत इकडं ये, रात्री लावू, ताटं मी आधीच उतरवून ठेवतो.