जुना सिनेमा घ्यायचाय, पण कुठल्या सालचा?

‘शोले’ची डीव्हीडी हातात आली की आधी मागे छापलेली मिनिटं बघा. १९८ असतील तर शेवटी पोलीस येतात आणि गब्बर वाचतो. २०४ असतील तर ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी संपवतो. १९७५ साली सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता, म्हणजे नंतर आलेली लांब प्रतच दिग्दर्शकाच्या मनातली. फक्त एक गफलत होते. पाल डिस्क (म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीची) सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेम पळवते, त्यामुळे २०४ मिनिटांचा सिनेमा १९६ मिनिटांतच संपतो आणि कापलेला वाटतो. शंका आली तर थेट शेवटचा चॅप्टर लावायचा.

हॉलिवूडमध्ये बरेचदा उलटा प्रकार, मूळ ती पहिली प्रत आणि नंतरची बदललेली. ‘स्टार वॉर्स’ १९७७चा. १९९७च्या स्पेशल एडिशनमध्ये गुत्त्यात नायक हॅन सोलोच्या आधी ग्रीडो हा भाडोत्री गुंड गोळी झाडू लागला, २००४च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकदमच झाडतात. २०११च्या ब्लू-रेवर ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या तिसऱ्या सिनेमात खलनायक डार्थ वेडरच्या तोंडी ‘नोऽऽ’ घातला. २०२०ची फोरके (ब्लू-रेहून चौपट बारकाव्याची) डिस्क चित्राला सगळ्यात सरस, पण तीही बदललेलीच.

मूळ हवा असेल तर २००६च्या डीव्हीडी संचातली जादा डिस्क शोधा. ती १९९३च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) केलेल्या मूळ प्रतीवरून काढली आणि रुंद चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीत बसवलं. अमेरिकन डिस्कच्या ४८० ओळींपैकी जेमतेम २७० ओळी चित्राच्या, बाकी काळ्या पट्ट्या. आजच्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळं दिसतं; रिमोटवरचं झूम दाबलं की चित्र रुंदीभर पसरतं, पण मऊ पडतं. ५५ इंची टीव्हीसमोर चार फुटांवर बसणाऱ्याला ते सोसणार नाही. तरीही आमचं मत असं, की एकच घ्यायचं असेल तर फोरके घ्या. आणि लहानपणी पाहिलेलाच सिनेमा हवा असेल तर ही धूसर डीव्हीडी. दोन्ही गुण एका अधिकृत डिस्कवर मिळत नाहीत.

‘ब्लेड रनर’बाबत डोकं खाजवायची गरज नाही. १९८२च्या प्रतीत निवेदन आणि गोड शेवट, १९९२ला दोन्ही काढले, २००७चा फायनल कट रिडली स्कॉटने पूर्ण आपल्या मर्जीने केला. त्यात झोरा हे पात्र काच फोडून पळते तिथे स्टंट करणारीचा चेहरा ओळखू यायचा, म्हणून जोआना कॅसिडीला पुन्हा बोलावून तिचा चेहरा बसवला. सापवाल्याच्या दुकानात ओठ जुळत नव्हते, तिथे हॅरिसन फोर्डच्या मुलाचे ओठ वापरले. आपण होऊन कुणाच्या लक्षातही येणार नाही, अशी दुरुस्ती. शिवाय पाच आवृत्त्यांचा संच निघाला, म्हणजे जुनं कुणी दडवलं नाही. आमचा राग बदलांवर नाही, मूळ बाजारातून उठवण्यावर आहे. त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ साली नव्याने केलाच होता. तेव्हा नाशिककरांनी तरी नाक मुरडू नये.

‘ई.टी.’मध्ये २००२ला पोलिसांच्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिल्या. २०१२च्या ब्लू-रेवर बंदुका परत आल्या, तीच घ्या. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ पहिल्यांदा बघणार असाल तर २००१चा २०२ मिनिटांचा ‘रीडक्स’ (लांबवलेली आवृत्ती) नको, फ्रेंच मळ्यावरचा भाग चांगलाच रेंगाळतो. १९७९चाच लावा.

बाहेरून डिस्क मागवताना रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते कुलूप, बघा: भारत डीव्हीडीला ५, ब्लू-रेला सी, फोरके डिस्कला कुलूप नसतं, पण सोबतच्या ब्लू-रेला असू शकतं. प्लेयरसाठी नाशिकच्या एमजी रोडवर गेलात तर ‘मल्टी-रीजन’ एवढ्यावर थांबू नका. डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्हींना का, ते विचारा, कारण बरेचदा फक्त डीव्हीडीचं कुलूप उघडलेलं असतं. अमेरिकेहून कुणी प्लेयर आणला असेल तर मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. नुसते १२० असतील तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३०च्या सॉकेटला लावू नका, पॉवर सप्लाय लगेच जळतो.