दोन किलो मसाला आणि नव्वद ग्रॅम

एप्रिलात मसाला कांडून आणला, आता डिसेंबर लागलाय. आठ महिने वापरून झाला, म्हणजे बोलायला हरकत नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथे जायचंय. जळगावातलं जुनं दुकान आहे, एवढं पुरे. काळा मसाला म्हणजे काय आणि शेवभाजीला किती घालायचा हे खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

गेल्या वर्षापर्यंत आमच्याकडे मसाला घरीच व्हायचा. गच्चीवर मिरची वाळत टाकायची, लोखंडी कढईत एकेक जिन्नस तेलाच्या बोटावर भाजायचा, मग डबा डोक्यावर घेऊन कांडपाला. यंदा सासूबाईंच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि मला एकटीला भाजणीचा धूर झेपेना. या दुकानात सगळं एका जागी होतं. जिन्नस निवडून घ्यायचे, ते समोर भाजून देतात आणि मागच्या खोलीत कांडूनही देतात. कांडप म्हणजे खरं कांडप, लोखंडी मुसळं खालीवर होतात ते. चक्कीत दळला की मसाला तापतो आणि अर्धा वास तिथेच उडून जातो. ज्यांना घाई असते ते चक्कीवर जातात आणि मग वर्षभर म्हणतात, यंदा मसाल्यात दम नाही.

खरेदीचा भाग मात्र झकास. गल्ल्यावर मुलगा असतो, पण खडा मसाला त्याचे वडीलच देतात. त्यांना सगळे बाबा म्हणतात. मी दगडफूल मागितलं तर त्यांनी दोन पोती उघडली. एकातलं काळपट, चुरा झालेलं. दुसऱ्यातलं पातळ, एका बाजूने राखाडी आणि दुसऱ्या बाजूने काळं, झाडाची साल सोलून निघावी तसं. दोन्ही नाकाशी धरली, मला काहीच वास येईना. बाबा म्हणाले, "कच्च्याचा वास पाहू नका ताई, तेलात पाहा." आणि खरंच, भाजणीच्या कढईत थोडं तेल होतं त्यात चिमूटभर टाकलं, तर दुकानभर पातोड्यांच्या रश्शाचा वास सुटला. इतकी वर्षं मी दगडफूल नाकाला लावून घेत होते. फूल ते नावालाच, खडकावर नि झाडावर बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढतं त्यातला प्रकार. चक्रीफूलही त्यांनी अख्ख्या पाकळ्यांचं काढून दिलं, तुकडे नाही. दालचिनी मात्र तीच जाड सालीची. पातळ, कागदासारखी गुंडाळलेली सिलोनची मागितली तर म्हणाले, "काळ्या मसाल्यात ती कशाला वाया घालवता?" हे गिऱ्हाइकाला महाग न विकण्याचं बोलणं मला आवडलं. तिथेच मी त्यांच्यावर विश्वास टाकला.

यादी अशी होती: मिरची एक किलो (सहाशे ब्याडगी रंगाला, चारशे लवंगी तिखटाला), धने अर्धा किलो, खोबरं पाव किलो, खडा मसाला सगळा मिळून पाव किलो. एकूण दोन किलो. भाजणी-कांडपासकट 970 रुपये झाले. कांडपाच्या खोलीत दोन तास उभी होते. बाहेर एप्रिलातलं जळगावचं ऊन, आत मिरचीचा ठसका. बायका पदर नाकाला लावून आपापल्या डब्याशी ठाण मांडून बसलेल्या, कारण लक्ष नाही दिलं तर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आपल्यात येतो. ठाण मांडून बसूनही थोडा येतोच.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला काटा काढला. सवय आहे. मसाला भरला 1 किलो 710 ग्रॅम. म्हणजे 290 ग्रॅम गायब. भाजताना ओल जाते, मशीनला चिकटतं, घट येते हे मला कळतं. पण दुकानातल्या मुलानेच सांगितलं होतं, "किलोले शंभर ग्रॅम घट धरा." दोन किलोला दोनशे. मग वरचे नव्वद कुठे गेले?

दुसऱ्या दिवशी गेले. मुलगा म्हणाला, घट कमी-जास्त होते. मी म्हटलं, कमी कधी झाली ते सांगा. तो म्हणाला, तुमचा घरचा काटा चुकत असेल. मी म्हटलं, चला, तुमच्या काट्यावर माझी पिशवी ठेवते. ठेवली. 1 किलो 710. मग तो गप्प झाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला धने द्यायला वळला. बाबा नेमके जेवायला गेलेले. दोन किलोला 970, म्हणजे नव्वद ग्रॅमचे चव्वेचाळीस रुपये. जाऊन-येऊन रिक्षाचे साठ झाले, हे मी घरी सांगितलं नव्हतं. तरी सासूबाईंना कळलंच. त्या मूळच्या अमळनेरकडच्या, चिडल्या की अहिराणीत येतात. "नव्वद ग्रॅमकरता भांडाले गयी का तू?"

त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं की तिकडे फिरकू नका.

पण मसाला उत्तम निघाला, हे कबूल करावं लागतं. पहिल्या शेवभाजीलाच तर्री अशी आली की घरातल्यांनी शेव संपल्यावरही रस्सा ओरपला. भरली वांगी, पातोड्या, डाळीचा एखादा डाव, सगळीकडे चाललं. घरी करायचे त्यापेक्षा थोडा कमी तिखट, पण रंगाला गडद आणि वासाला दुप्पट. मे-जून-जुलै मजेत गेले.

ऑगस्टात बरणी उघडली तर खवट वास. मसाला बिघडला की आधी कुणाला शिव्या द्यायच्या हे ठरलेलंच होतं. जुनं खोबरं घातलं, नव्वद ग्रॅम खाल्ले आणि वर खवट माल दिला, अशी सगळी वाक्यं मी मनात जुळवून ठेवली. मग आठवलं, लेकीने पुण्याला नेण्यासाठी यातलाच पाव किलो पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकला होता आणि न्यायला विसरली होती. तो काढला. त्याला काही झालं नव्हतं. एकच कांडप, एकच खोबरं. एक बरणी चार महिने गॅसच्या वरच्या फळीवर, पावसाळ्याच्या दमटात, आणि तिच्यात मी कधीमधी ओला चमचा घातलेला. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. एकदा कांडलं की ते मसालाभर पसरतं आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात खवट व्हायला त्याला निमित्त लागत नाही. सासूबाई बरणीत हिंगाचे खडे घालायच्या, ते मी घातले होते. पण त्या बरणी माजघरात अंधारात ठेवायच्या, ते मी सोयीस्कर विसरले होते. खरं तर खोबरं घालू का, असं बाबांनी मला विचारलंही होतं. भाजीपुरतं वाटणात घ्या, म्हणाले होते. मीच म्हटलं, घाला, रोज कोण भाजत बसतं. तेव्हा हा दोष मी दुकानाच्या खात्यातून काढून टाकला.

नव्वद ग्रॅम मात्र तिथेच होते.

दिवाळीआधी लाल तिखटासाठी पाव किलो ब्याडगी आणली आणि घरी देठ खुडायला बसले. खुडता खुडता हात थांबला. देठांचा ढीग काट्यावर ठेवला: 22 ग्रॅम. पावाला बावीस, किलोला अठ्ठ्याऐंशी. दुकानात मिरची देठासकट तोलली होती आणि भाजायच्या आधी त्यांच्या बाईने देठ खुडून बाजूच्या पोत्यात टाकले होते. माझ्या समोर. मी तेव्हा दगडफुलाचा वास घेत होते. उरलेले दोन ग्रॅम मी सोडून दिले.

आता कुणी म्हणेल, मग झालं ना समाधान? नाही झालं. देठ काढलेली मिरची त्याच दुकानात जास्त भावाने मिळते, म्हणजे देठाला किंमत नाही हे त्यांनाही माहीत आहे. मग मला मिरचीच्या भावात देठ का तोलले? किंवा निदान सांगायचं, ताई, किलोले शंभर घट आणि वर देठ वेगळे. एवढं एक वाक्य त्या मुलाने म्हटलं असतं तर माझे साठ रुपये आणि त्याचा अर्धा तास वाचला असता. ते सोडून त्याने माझ्या काट्यावर संशय घेतला, ते मला अजून डाचतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी घरी देठ खुडून मिरची नेली, खोबरं अजिबात नाही, सगळं मिळून बरोबर एक किलो. भाजून, कांडून परत आलं 930. घट सत्तर. म्हणजे शंभरचा नियमही मोघमच. बाबांचं म्हणणं, खोबरं नसलं की मशीनला कमी चिकटतं. असेल. घरी येऊन दोन लहान डबे केले, एक फ्रीजरमध्ये, एक माजघरात. खोबरं आता भाजीपुरतं भाजून घेते. कंटाळा येतो, पण रश्शाला बरं लागतं.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, रविवार टाळा. दगडफूल तेलात टाकून बघायला सांगा, बाबा खुशीने दाखवतात. मिरची खुडूनच न्या. कांडपाच्या खोलीत स्वतः उभ्या राहा. आणि घटीचं आधी बोलून घ्या, मुलाशी नाही, बाबांशी.

मला आता बोलावं लागत नाही. या वेळी पायरी चढले तेवढ्यात मुलगा आतल्या नोकराला म्हणाला, "ताई आल्या रे, आधी काटा शून्यावर कर."