पट्ट्याच्या आतलं कायडेक्स होल्स्टर: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

परवाना मिळाला की सगळं लक्ष पिस्तुलाकडे जातं आणि होल्स्टर (पिस्तूल बाळगायचं म्यान) हाताला लागेल ते घेतलं जातं. ‘चालता चालता उडालं तर?’ ही नवख्याची धास्ती मात्र होल्स्टरच घालवतं. पँटच्या आत खोचायचं कायडेक्सचं होल्स्टर या कामात कापडी पिशवीवजा होल्स्टरपेक्षा कितीतरी सरस आहे.

कायडेक्स म्हणजे तापवून साच्यावर बसवलेला कडक प्लास्टिकचा पत्रा, बहुतेकदा 2 मिलिमीटर जाडीचा. होल्स्टर एकाच मॉडेलच्या मापाचं असतं, ‘साधारण तेवढंच’ पिस्तूल त्यात घालू नका. नीट बसलं की ट्रिगर गार्डपाशी (ट्रिगरभोवतीच्या कडीपाशी) स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतं. पकड कमी-जास्त करायला रबरी वायसर असलेला स्क्रू असतो.

तपासणी घरीच करा. मॅगझिन काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटं धरा आणि झटका द्या. निसटलं तर स्क्रू पाव फेरा आवळा. मग बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्यानं जोरात दाबा. ट्रिगर जरासुद्धा हलला तर ते होल्स्टर परत करा. मऊ नायलॉन इथंच नापास होतं. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची तोंडाशी घडी पडते आणि तीच घडी ट्रिगरवर बोटासारखी दाबते.

खरा धोका पिस्तूल परत ठेवताना असतो. शर्टाची कड किंवा जॅकेटची नाडी ट्रिगर गार्डमध्ये शिरते, वरून हात दाबत राहतो आणि गोळी सुटते. म्हणून बोट ट्रिगरपासून दूर, फ्रेमवर सरळ. दुसऱ्या हातानं शर्ट छातीपर्यंत ओढून धरा, खाली बघा आणि सावकाश सरकवा. घोडा (मागचा हॅमर, ट्रिगर नव्हे) बाहेर असेल तर अंगठा त्यावर ठेवा. किंचितही अडलं तर थांबा, बाहेर काढा, काय अडकलंय ते बघा. इथं घाई करण्याचं एकही कारण नसतं. पुढे, पोटापाशी बाळगलं तर नळी मांडीतल्या मोठ्या धमनीकडे रोखलेली असते, म्हणून नवख्यानं आधी उजव्या (डावखुऱ्यानं डाव्या) खुब्याच्या किंचित मागची जागा धरावी.

पट्टा ढिला असेल तर चांगलं होल्स्टरही वाकडं लोंबतं. क्लिपच्या मापाचा, बहुधा 38 मिलिमीटर रुंदीचा, न वळणारा पट्टा घ्या. मूठ शर्टातून उठून दिसत असेल तर पट्ट्यावर टेकून मुठीला अंगाकडे दाबणारा पंख जोडून मिळतो. तो जरूर लावा.

उणिवाही आहेत. कडा कातडीला टोचतात, आत धूळ गेली की स्लाइडवर ओरखडे येतात, आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, पण रबरी वायसरला तो लागू देऊ नका.

पहिले आठ-दहा दिवस रिकामं पिस्तूल घालून घरातच वावरा: वाका, बसा, जिने चढा. सारखा हात लावून चाचपायची सवय याच दिवसांत मोडते. पुढे रात्री उतरवताना पिस्तूल उपसू नका, होल्स्टरसकट काढा आणि तसंच कुलूपबंद करा. रोज रिकामं करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरलं तर गोळी पुंगळीत आत दबते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. असं काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. लांबी कमी दिसली तर ते वापरू नका.