कार्बामाझेपिनची गोळी: पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर ही गोळी काम करते, हे आधीच सांगून टाकते. पण दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, असं हिचं चालत नाही. दुखो न दुखो, वेळच्या वेळी घ्यावीच लागते.

माझं दुखणं डाव्या बाजूचं, नाकपुडीपासून वरच्या दाढांपर्यंत. चूळ भरली, चमकीला बोट लागलं, खानापूरच्या स्टँडवर पावसाळी वारं तोंडावर आलं, की करंट बसल्यागत कळ. काही सेकंदांत जाते, पण परत कधी येईल नेम नाही. भाकरी आमटीत कुस्करून गिळायची. साध्या पेनकिलरनं काडीचा फरक पडला नाही. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून दाढ काढायला साफ नकार दिला, त्यांचे उपकार. या दुखण्यापायी कितीतरी जणांच्या चांगल्या दाढा गेल्यात.

बेळगावच्या न्यूरॉलॉजिस्टनी माझ्या सांगण्यावरूनच ओळखलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडं नेणारी ही पाचवी नस, तिला तीन शाखा, माझी दुखते ती मधली. बहुतेकांत मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून ठोके देत राहते, नसेवरचं आवरण झिजतं आणि नुसता स्पर्शही कळ होऊन पोचतो. एमआरआय केला तो गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) नाही ना, हे बघायला.

सुरुवात 100 मिलीग्रॅम दोन वेळा. आठवड्याभरात कळा निम्म्यावर आल्या, पण झोप विचारू नका! भाजी निवडता निवडता पेंगायचे, जिना उतरताना भिंत धरायची. शेजारीण रोज कन्नडमध्ये ओरडायची, 'निधान, अक्का!' म्हणजे 'हळू, ताई!'

महिन्याभरानं कळा परत डोकावल्या. घरच्यांचा संशय मेडिकलवाल्यावर. खरं कारण वेगळंच निघालं: या गोळीमुळंच यकृत हिला अधिक लवकर मोडू लागतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांनी तोच डोस अपुरा पडतो. डॉक्टरांनी वाढवून दिला. आता 200 ची सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, सकाळ-रात्र. ही चावायची नाही, कुटायची नाही. गरगरणं बरंच कमी झालंय.

रक्ततपासणी टाळू नका. माझं सोडियम थोडं घसरलं, म्हणून ते अधूनमधून बघतात, सोबत रक्तातल्या पेशी आणि लिव्हरही. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, वाट बघायची नाही. खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा आधी हीच पट्टी दाखवली. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनं हिचं रक्तातलं प्रमाण वाढतं म्हणे, त्यांनी दुसरं औषध लिहिलं.

आमच्याकडं सीआर दर वेळी मिळेलच असं नाही, आणि मनानं एकदम बंद करायची नाही. म्हणून बेळगावहून महिन्याची एकदम आणते.

गोळी पुरेनाशी झाली तर कानामागून उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यात टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. गालातून सुई घालून नस शेकायचाही उपाय आहे, पण त्यानं चेहरा बधिर होऊ शकतो. डॉक्टरांनी दोन्ही समजावून सांगितलंय. दिवसाला 400 वर भागतंय तोवर मी काही टेबलावर चढत नाही.