घडीचा डॉब दोन वर्षं गोव्यात वापरून: न्यायला कसा, हलतो किती

दोन वर्षं होत आली माझ्याकडे हा घडीचा डॉब, म्हणजे घडी होणारी डॉब्सोनियन दुर्बीण, येऊन, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून सेकंडहँड घेतलेला, नव्याच्या साधारण अर्ध्या किमतीत. ८ इंची म्हणजे २०० मिलिमीटरचा आरसा, फोकल लेंग्थ, म्हणजे आरशापासून चित्र तयार होतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर, आणि वरचा भाग तीन दांड्यांवर सरकून खाली बसतो असा. मी राहतो फोंड्यात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी वॅगनआर, आणि आकाश बघायला जायचं ते सत्तरीत आमच्या गावच्या घरी नाहीतर चोर्ला घाटात सुर्लाच्या बाजूला. हे आधी सांगतोय कारण उचलायला सोपा की अवघड हे तुमचा जिना, तुमची गाडी आणि तुमचं अंगण बघूनच ठरतं.

ज्यांनी घेतला नाहीये ते सगळे दोनच गोष्टी विचारतात, एक म्हणजे घडी होते तर न्यायला हलका असेल ना, आणि दुसरं दांड्यांवर उभा आहे तर हलत असेल ना. दोन्हींचं उत्तर मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं.

हलका अजिबात नाही. नळी ११ किलोच्या आसपास, खालचा लाकडी बेस १५ च्या आसपास, मिळून २६ म्हणजे भरलेल्या गॅस सिलेंडरपेक्षा थोडंसंच कमी, आणि नुसता बेस धरला तर रिकामा सिलेंडर. घडीच्या नळीचं वजन साध्या अखंड नळीपेक्षा कमी असतं असं धरून चालू नका, दांड्या, कड्या, स्क्रू हे सगळं वाढीव आलंच की त्यात. घडी करून वाचते ती लांबी, दीडेक वीत. पण ती दीड वीत गाडीत फार मोठी आहे बरं का. मित्राची ८ इंची अखंड नळी मी आधी नेत होतो, ती मागच्या सीटवर आडवी घातली की दोन्ही दारं लागायला मारामार, आणि मागे कोणी बसायचा प्रश्नच नाही. हा घडी करून सीटवर गादीत गुंडाळून ठेवला की शेजारी एक माणूस आरामात बसतो, जेवणाचा डबा, आयपीसची म्हणजे डोळा लावायच्या भिंगांची पेटी, खुर्ची सगळं मावतं. जिन्याच्या वळणावर पण फरक कळतो, लांब नळी खांद्यावर घेऊन वळलं की कुठेतरी टेकतेच, ही छातीशी धरून नेता येते आणि समोरची पायरी दिसते.

बेसची मात्र घडी होत नाही. जाहिरातीत नळीची घडी दाखवतात, बेस कोणी दाखवत नाही. खरं ओझं आणि खरी जागा खाणारी वस्तू तीच, गोल पाट, त्यावर दोन उभ्या फळ्या, धरायला समोर एकच कडी, आणि जिना उतरताना फळीची कड गुडघ्यावर लागत राहते. गाडीत डिकीच्या बाजूने सीट अर्धी पाडून आडवा सरकवावा लागतो. म्हणून दुकानात किंवा कोणाकडे बघायला गेलात तर नळी नंतर उचला, आधी बेस उचलून दहा पायऱ्या चढून बघा.

आता हलण्याचं. मला भीती होती ती दांड्यांची, तीन बारीक दांड्यांवर वरची कडी, त्यात छोटा आरसा, फाइंडर म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, आयपीस, हे सगळं लटकणार म्हणजे नळी आडवी केली की वरचं टोक वाकणार. मी आरसे जुळवायचं लेझर लावून बघितलं, नळी सरळ डोक्यावर धरून लाल ठिपका मधोमध बसवला आणि मग हळूहळू खाली क्षितिजाकडे आणली, तर ठिपका सरकला तो स्वतःच्या जाडीइतका, जास्त नाही. एफ ६ च्या आरशाला, म्हणजे फोकल लेंग्थ आरशाच्या सहापट असलेल्या, एवढ्याने काही फरक पडत नाही. एकदाच ठिपका बराच बाजूला गेला आणि मी घाबरलो, मग दांड्या एकेक हाताने हलवून बघितल्या तर तिसऱ्या दांडीचा स्क्रू अर्धा वळसा सैल होता, अंधारात घाईत राहून गेलेला. तेव्हापासून सवय लावून घेतलीय, वरची कडी दोन्ही हातांनी शेवटपर्यंत खेचायची, तिन्ही दांड्या टोकाला पोचल्या हे बोटाने चाचपायचं, मग तीन स्क्रू, आणि परत पहिल्यापासून तिन्ही एकदा. यात अर्धं मिनिट जातं.

मग हलतं कुठे? खाली. गुरू १२० पटीवर लावून नळीला बोटाने टिचकी मारायची आणि मोजायचं, ही सगळ्यात साधी परीक्षा. गावच्या घरी चिऱ्याच्या अंगणात दोन सेकंदांत चित्र शांत होतं. फोंड्यात आमच्या गच्चीवर टिचकीचं हलणं तेवढंच, पण कोणी जिन्याकडून चालत आलं की त्याचं प्रत्येक पाऊल गुरूवर दिसतं, स्लॅब तो. वाळूत तीन पायांपैकी एक हळूच रुतत जातो आणि लावलेला तारा आपोआप बाजूला जातो. वाळूत जाणार असाल तर खाली १९ मिलिमीटर प्लायचा जाड तुकडा टाका. आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग हे कासवं अंडी घालतात ते किनारे आहेत, हंगामात तिथे रात्री टॉर्च घेऊन जाऊच नका, लाल असला तरी नको.

वारा हा वेगळाच प्रकार. उघड्या दांड्यांतून रस्त्यावरचा उजेड सरळ आत येतो, दव येतं, आणि बघणाऱ्याच्या अंगाची ऊब पण मध्येच तरंगते, म्हणून भोवती काळं कापड लागतंच. तयार मिळतं ते न घेता मी लेगिंगचं ताणणारं कापड आणून शिंपिणीकडून पिशवीसारखं शिवून घेतलं, वर खाली इलॅस्टिक. उजेडाचं काम फार छान झालं, देवयानीची दीर्घिका फोंड्यातून पण जराशी उठून दिसायला लागली. पण कापड लावलं की नळीचं शीड होतं. घाटाच्या कडेला वारा सुटला की १२० पटीवर काहीही धड बघता येत नाही, कापड काढा किंवा ४८ वर या. अखंड नळी पण वाऱ्यात हलतेच, यात घडीचा वेगळा दोष नाही.

एवढं सगळं ठीक. ज्याने मला खरा त्रास दिला तो आपला पाऊस. पहिल्या वर्षी मे संपताना बेस गावी माजघरात भिंतीला लावून ठेवला आणि चवथीला गेलो तेव्हा काढला. हे बेस पार्टिकल बोर्डचे असतात, वर सनमायकासारखा थर, आणि खालच्या पाटाच्या कडेला जिथे तो थर जरासा उडाला होता तिथून ओल आत जाऊन बोर्ड पावासारखा फुगला होता. वरून बघितलं तर काहीच वाटत नाही, बोट फिरवलं तर बारीक उंचवटा. पण डॉबमध्ये सगळी मजा त्या दोन पाटांमध्ये असते, मधे गुळगुळीत तुकडे असतात, त्यावर बेस फिरतो, आणि फिरणं लोण्यासारखं हवं. १२० पटीवर साध्या १० मिलिमीटरच्या आयपीसमधून ग्रह पावणेदोन मिनिटांत या टोकापासून त्या टोकाला जातो, म्हणजे सारखं थोडंथोडं ढकलायचं असतं. माझा आता एका जागी अडायचा, जोर लावला की एकदम उडी मारायचा, आणि शनी गायब. मी महिनाभर दांड्यांवर संशय घेत राहिलो, स्क्रू आवळत राहिलो, दोष होता तो फुगलेल्या कडेत.

शेवटी गावच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, दाखवलं. त्याने बोर्ड हातात घेऊन नखाने कड उकरली, भुसा खाली पडला, म्हणाला हे इकडे टिकायचंच नाही, मरीन प्लाय घाल. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायमधून जुन्या फळ्या मापाला ठेवून नवीन कापल्या, पुढच्या फळीला आतून दोन तिरके ठोकळे, सगळ्या कडांना दोनदा वॉर्निश, आणि उभ्या फळ्यांना हात जाईल अशी भोकं पाडली. वजन चार साडेचार किलोने उतरलं. टिचकीनंतर शांत व्हायला आधीइतकाच वेळ, दिवसा झाडाच्या शेंड्यावर बघितलं तर मला उलट कमीच वाटला. मूळ बेसपेक्षा हा प्रत्येक बाबतीत चांगला आहे, आणि गोव्यात डॉब घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या पावसाच्या आत हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तसं बघितलं तर डॉब हा मुळातच प्लायचा. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात साधू होता, आपल्या रामकृष्ण परंपरेतला, हाताशी पैसे नाहीत म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसे, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायची बैठक. मठ सोडल्यावर १९६८ पासून तो फुटपाथवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवायचा. दुर्बीण रस्त्यावर नेता आली पाहिजे हा त्याचा आग्रह, दांड्या आणि घडी हे नंतरच्या लोकांनी केलं.

आणि आपल्याकडे डॉब शोभतो याचं आणखी एक कारण. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर, ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर, बऱ्याच जागी तो घरांच्या किंवा माडांच्या आड, त्यामुळे ध्रुवाला लावून बसवायचे स्टँड इथे कटकटीचे. डॉब ठेवला की सुरू. एकच अडचण, अगदी डोक्यावर आलेली गोष्ट पकडताना हाताला पीळ बसतो, कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर येतात तेव्हा मी सरळ अर्धा तास थांबतो. उलट दक्षिणेचं आकाश आपल्याला भरपूर. गेल्या पाडव्याच्या आदल्या अमावस्येला सुर्लाजवळ रात्री दीडच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी लावला, नरतुरंगातला तो गोलाकार तारकागुच्छ, आपल्याकडे २७ अंशांपर्यंत वर येतो, दिल्लीवाल्यांना हा सुखासुखी मिळत नाही. ४८ पटीवर साखर सांडल्यासारखा, १२० वर कडेपासून आतपर्यंत सुटे सुटे तारे, साधारण १७,००० प्रकाशवर्षांवरचे. एवढ्या खाली नळी आणली की वरचं टोक जड होऊन आपोआप झुकतं, म्हणून मी खालच्या टोकाला दोन लोहचुंबक चिकटवतो, बाजूची आवळायची मूठ जास्त आवळली तर वर खाली करणं अडखळतं.

कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं, घडीच्या डॉबला दर वेळी तपासावंच लागतं, हे खरं आहे आणि त्यात पळवाट नाही. अखंड नळीला मी दोन तीन फेऱ्यांत एकदा बघायचो. इथे प्रत्येक वेळी, पण सवय झाली की चार मिनिटं, मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू चिमूटभर फिरवायचे. १० इंची घेतला तर तो एफ ४.७ चा असतो, तिथे चूक लवकर दिसते आणि हे काम जास्त काटेकोर करावं लागतं. १२ इंची तर एकट्याने जिन्यावरून नेण्याचा विचारच करू नका, ज्यांचं अंगणातच सगळं आहे त्यांनी जरूर घ्यावा. फ्लॅटमध्ये राहून बाहेर जाऊन बघणाऱ्याला ८ इंची घडीचा, हे मी कोणालाही डोळे मिटून सांगेन. आणि ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, तळमजला आहे, त्यांनी पैसे वाचवून अखंड नळी घ्यावी, चित्र तेच दिसतं.

गावी शेजारच्या आजीला चंद्र दाखवला होता, ती खुर्चीवर बसूनच बघत होती, आयपीस त्या उंचीला येतं हा ८ इंचीचा आणखी एक फायदा. तिने बराच वेळ डोळा काढला नाही, मग आत सुनेला हाक मारली, "चंद्र लागीं आयलो गो!" म्हणजे चंद्र जवळ आला गं.

ठेवण्याचं राहिलं. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढू नका, आरसा क्षणात धुकट होतो, आणि तो कापडाने अजिबात पुसायचा नाही, आपोआप सुकू द्यायचा. पावसात माझी नळी आता घडी करून, दोन्ही टोकांना झाकणं, भोवती जाड प्लास्टिकची पिशवी, आत सिलिका जेलच्या चार पुरचुंड्या. निळ्या होत्या त्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परतायच्या आणि परत आत, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी.