घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

जुनं सामान ऑनलाइन विकायला काढलंत आणि पहिल्याच फोनला समोरचा वस्तू न बघता "ठीक है मॅडम, फायनल" म्हणाला, की तिथेच सावध व्हा. आपल्याकडे साधी मेथीची जुडीसुद्धा दोन रुपये कमी केल्याशिवाय कोणी पिशवीत टाकत नाही. सात वर्षं वापरलेलं वॉशिंग मशीन सांगितल्या भावाला, न बघता घेणाऱ्याला मशीन नकोच असतं. आमचे सतरा हजार रुपये असेच गेले. ते कसे गेले हे तपशिलात लिहिते आहे, कारण "क्यूआर कोड स्कॅन करू नका" एवढं वाक्य आम्हीही शंभर वेळा वाचलं होतं. त्या वाक्याने काही अडलं नाही.

2024 चा पावसाळा. चिंचवडचं भाड्याचं घर सोडून आम्ही नाशिकला निघालो होतो. तिथे सासूबाईंकडे मशीन होतंच, म्हणून आमचं काढायचं ठरलं. टॉप लोड, साडेसहा किलोचं, चालू स्थितीतलं, फक्त झाकणाच्या कोपऱ्याला तडा. तो तडा दिसेल असा एक फोटो मुद्दाम टाकला. किंमत लिहिली 8,500. मनात सात हजार होते, वरचे दीड हजार घासाघिशीसाठी.

तासाभरात फोन. अतिशय अदबशीर हिंदी. "आर्मी से बोल रहा हूँ मॅडम, देहू रोड में पोस्टिंग है." देहू रोडला लष्कराचा डेपो आहे हे चिंचवडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत. महाराष्ट्रात छावण्यांना तोटा नाही. खडकी, देवळाली, कामठी, कुलाबा, नगर; गाव कुठलंही असो, जवळचं एखादं नाव घेता येतं. ड्यूटी असल्यामुळे तो स्वतः येऊ शकत नव्हता, संध्याकाळी लष्कराची गाडी येऊन दोन जवान मशीन उचलून नेणार होते. तड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि कॅन्टीनचं कार्ड. ही कागदपत्रं पुष्कळदा खऱ्याच जवानाची असतात, त्याच्याकडून कुठल्या तरी व्यवहारात उकळलेली. म्हणजे त्या फोटोतला माणूसही आपल्यासारखाच नाडलेला असतो. आमच्याकडेही त्याने "गेट पास के लिए" आधार कार्डाचा फोटो मागितला. तो यांनी दिला नाही, नाहीतर आज आमच्या नावाने कोणीतरी कुठे सोफा विकत घेत असता.

आता पैशांचा भाग. त्याचं म्हणणं, आर्मीचं मर्चंट खातं आहे, त्यातून थेट कोणाला पैसे पाठवता येत नाहीत, आधी "व्हेरिफिकेशन" करावं लागतं. घरात दुसरा फोन आहे का, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं. यांच्या फोनवर पाच रुपयांचा क्यूआर कोड आला, तो मी माझ्या फोनने स्कॅन केला, पिन टाकला. पाच रुपये गेले आणि लगेच दहा रुपये आले. खरोखर आले, खात्यात जमा झाले. "देखा मॅडम? डबल आता है. यही सिस्टम है."

सगळी मेख या पाच रुपयांत आहे. त्याला त्याचा खर्च पाच रुपये, आणि आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: स्कॅन करून पिन टाकला की पैसे येतात. शाळेत पाढा पाठ करून घेतात तसा हा उलटा पाढा तो आपल्याकडून एकदा म्हणवून घेतो.

दुसरा कोड 8,500 चा. स्क्रीनवर काय दिसत होतं ते आज नीट आठवतं. वर कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव. "कॅन्टीन का अकाउंट है, मॅडम." मध्ये रक्कम. तिच्याखाली इंग्रजीत एक ओळ: आर्मी पेमेंट रिसीव्ह 8500. आणि सगळ्यात खाली बटणावर "पे". ती मधली ओळ ॲपची नव्हती, त्याची होती. क्यूआर कोड बनवणाऱ्याला त्यात रक्कम आणि शेऱ्याची ओळ आधीच भरून ठेवता येते. तिथे तो "रिसीव्ह" लिहील, "रिफंड" लिहील, त्याला कोण विचारतंय? बोलणं मात्र एक क्षण थांबत नव्हतं. "जल्दी मॅडम, टाइम आउट हो जाएगा, साहब सामने बैठे हैं, पिन डालिए." पिन टाकला. साडेआठ हजार गेले.

"अरे, अटक गया. कोई बात नहीं, एक बार और कर दीजिए, दोनों साथ में आ जाएंगे." पुन्हा साडेआठ. तिसऱ्यांदा "रिलीज" करण्यासाठी 19,999 चा कोड आला तेव्हा यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. पलीकडचा आवाज अजूनही तितकाच अदबशीर होता.

यूपीआय 2016 पासून आहे आणि त्यातलं पिनचं काम तेव्हापासून तेच आहे: पैसे देताना लागतो, शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. भाजीवाल्याच्या गाडीला कोड लटकलेला असतो तो पैसे घेणाऱ्याचा, आणि स्कॅन देणारा करतो. हे आपण रोज दहादा करतो. पण फोनवर माणूस बोलत असला की तेवढंच विसरायला होतं. पूर्वी हेच काम "कलेक्ट रिक्वेस्ट", म्हणजे ॲपवरून पैशांची मागणी, पाठवून व्हायचं. तिला दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात 2,000 रुपयांची मर्यादा होती, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच बंद करायला सांगितली. चांगलं झालं. पण क्यूआरचा रस्ता उघडाच आहे, कारण तो बंद केला तर चहाची टपरीही बंद पडेल.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही हेही ध्यानात घ्या. हरियाणातला नूह आणि शेजारचे राजस्थानातले अलवर, भरतपूर हा मेवातचा पट्टा अशा "फौजी" फोनसाठी देशभरातल्या पोलिसांना ठाऊक आहे. एप्रिल 2023 मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजारांचा ताफा घेऊन नूहमधल्या चौदा गावांवर एका रात्रीत छापे घातले होते. वॉशिंग मशीनवाल्या बाईला काय सांगायचं आणि सोफावाल्या काकांना काय, हे त्यांचं पाठ असतं. आपण मात्र पहिल्यांदाच ऐकत असतो.

सोसायटीतल्या शेजाऱ्यांवर वेगळा प्रयोग झाला. त्यांनी तीन हजारांना सायकल काढली होती. गिऱ्हाइकाचा रडवेला फोन: चुकून एक शून्य जास्त पडलं, तीस हजार गेले, बायको दवाखान्यात आहे, सत्तावीस परत पाठवा. सोबत तीस हजार जमा झाल्याचा एसएमएससुद्धा. शेजाऱ्यांनी फक्त तो एसएमएस कुठून आलाय ते पाहिलं. दहा आकडी मोबाइल नंबर. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो. खात्यात बघितलं तर तीन रुपयेही आले नव्हते. टेम्पो घेऊन दारात येऊन पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवणारेही असतात. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, आणि चित्र कोणीही काढू शकतं. आपल्या ॲपमध्ये, आपल्या शिलकीत रक्कम दिसेपर्यंत वस्तू दाराबाहेर जाऊ देऊ नका. समोरचा तोंड वाकडं करेल, करू दे.

मशीन शेवटी आकुर्डीच्या एका काकांनी नेलं. सपत्नीक आले. काकूंनी तडा बघून "अगं बाई, हे तर फुटलंय" असं तीनदा म्हटलं. काकांनी बादलीभर पाणी ओतायला लावलं, ड्रम फिरत असताना झाकणावर हात ठेवून थरथर बघितली, बिल मागितलं, नळाला जोडायचा पाइपही यातच हवा म्हणाले, आणि 6,800 वर अडून बसले. दोनदा जिना उतरून गेले, दोनदा परत आले. मी वैतागले होते खरी. पण ज्याला वस्तू न्यायची आहे तो तिच्याबद्दल प्रश्न विचारतो, आणि ज्याला आपलं खातं हवं आहे तो आपल्या बँकेबद्दल. पहिल्या पाच मिनिटांत गिऱ्हाईक कशाबद्दल बोलतंय एवढ्यावर लक्ष ठेवलं तरी पुष्कळ कळतं.

पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, त्याच मिनिटाला. नातेवाइकांना नंतर सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकतात (ही खाती बहुधा कोणाची तरी भाड्याने घेतलेली असतात) आणि एटीएममधून निघाले की संपलं. त्याआधी तक्रार पोचली तर मधल्या बँकेत रक्कम गोठवता येते. फोनवर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) विचारतात, तो ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो, तो घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) आणि आयटी कायद्याचं तोतयेगिरीचं 66डी, ही नावं माहीत असली की ठाणे अंमलदार जरा सरसावून बसतात, असा आमचा अनुभव.

बँकेकडून फार आशा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवून लोक सांगतात की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. ते खरं आहे, पण खातेदाराचा हात नसताना तिसऱ्यानेच परस्पर पैसे काढले असतील तेव्हा. पिन आपणच टाकलेला असला की बँक तिकडेच बोट दाखवते, आणि आमच्या बँकेने दाखवलं. सतरा हजारांपैकी दुसरा हप्ता पुढच्या खात्यात अडकून पडला होता. तो कोर्टात अर्ज करून मिळाला. पहिला गेला तो गेलाच.

अजून एक राहिलं. तक्रार केल्यावर काही आठवड्यांनी एक फोन येईल. मराठीत बोलेल, "सायबर सेलमधून बोलतोय" म्हणेल, कदाचित तुमची रक्कम आणि तारीखही बरोबर सांगेल, आणि तुमचे पैसे सापडलेत, फक्त 950 रुपये प्रक्रिया शुल्क भरा म्हणेल. आम्हाला आला. गोठवलेले पैसे सोडवायला कोणतंही शुल्क यूपीआयवर मागत नाहीत. नाव विचारा, ठाणं विचारा, आणि "मी उद्या ठाण्यातच येऊन भरते" म्हणा. आमच्याकडे एवढं म्हणताच फोन कट झाला, आणि तो नंबरही यांनी 1930 वर नोंदवून टाकला.