नागपूरच्या थंडीत पामसाठी क्रॉप कव्हर: कोणत्या झाडाला घ्यावे, कोणत्याला नको

टरबुजाच्या आणि मिरचीच्या वाफ्यांवर पांढरी पट्टी अंथरलेली दिसते, तेच हे क्रॉप कव्हर. न विणलेले, पातळ, हाताला कागद आणि कापूस यांच्या मधले लागणारे कापड. कृषी सेवा केंद्रात मीटरवर किंवा अख्ख्या रोलने मिळते. वस्तू चांगली आहे. पण अंगणात बहुतेकदा ते टाकले जाते ते सायकसवर, ज्याला त्याची गरज नाही. आणि शेजारचा बॉटल पाम उघडा राहतो.

आधी थंडीचे माप. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारण १२-१३ अंश असते, लाट आली की ७-८ वर उतरते. २९ डिसेंबर २०१८ ला ते ३.५ पर्यंत गेले होते. हा आकडा वेधशाळेचा. बेसा, हिंगणा बाजूच्या मोकळ्या लेआउटमध्ये, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहूनही थंड असते. म्हणून झाडाच्या शेंड्याच्या उंचीला एक किमान-कमाल थर्मामीटर टांगा. बातमीतल्या आकड्यावर झाड झाकायचे ठरवू नका.

आता झाडे. सायकस रिव्होल्युटा हा पाम नव्हेच, तो चीड-देवदारासारख्या उघड्या बियांच्या गटातला. शून्याखालचे काही अंशही तो सोसतो. शिंदी, बिस्मार्क, फॉक्सटेल, रॉयल पाम यांची जमिनीत रुजलेली झाडे नागपूरच्या थंडीला भीक घालत नाहीत. यांच्यावर कापड खर्च करू नका. कापड हवे ते लाल देठाच्या सीलिंग वॅक्स पामला (याला १५ अंशांखालीच त्रास सुरू होतो), बॉटल पामला, नारळाच्या रोपांना आणि कुंडीतल्या अरेकाला. कुंडीची माती चहूबाजूंनी थंड होते, म्हणून तोच अरेका जमिनीत टिकतो आणि गच्चीवर डागाळतो.

कापड १७ जीएसएमचे (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे) घेतले तर उजेड भरपूर येतो, पण झावळीच्या टोकांनी ते लवकर फाटते. पामसाठी २५ जीएसएम बरे. दुकानात ‘यूव्ही’ केलेले आहे का, हे विचाराच. नसलेले कापड उन्हात लवकर ठिसूळ होते आणि बोटाने ओढले की भुगा पडतो. फायदा किती? नीट बांधले तर दोन-तीन अंशांचा. ७ अंशांच्या रात्री बॉटल पामला तेवढा पुरतो.

नीट बांधणे म्हणजे काय, इथेच बहुतेकांची चूक होते. लोक शेंड्याला पिशवीसारखे गुंडाळून खोडाला सुतळी बांधतात. ऊब येते ती जमिनीतून, झाडातून नव्हे. त्यामुळे कापड जमिनीपर्यंत आले पाहिजे आणि कडेवर विटा हव्यात. आत तीन-चार बांबू रोवून तंबू करा, पानाला कापड टेकू देऊ नका. आदल्या दुपारी बुंध्याशी पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. मात्र शेंड्याच्या गाभ्यात, जिथून नवी पाने फुटतात तिथे, थेंबही नको. ऊन कलायच्या आत, पाचच्या सुमारास झाका. सकाळी नऊपर्यंत काढा, कारण लाटेतही दुपार २५ अंशांपलीकडे जाते आणि कोंडलेल्या दमटपणात बुरशी धरते. प्लास्टिकचा कागद अजिबात नको. तो टेकतो तिथले पान थंडीने करपते आणि उन्हात आत भट्टी होते. जुनी चादर एखाद्या रात्रीपुरती चालते, पण दवाने जड होऊन कोवळी सुई (शेंड्याचे न उघडलेले पान) मोडते.

कव्हरपेक्षा महत्त्वाची खरेदी म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात कालवायचे तांब्याचे बुरशीनाशक), काटोल-वरुडच्या संत्रावाल्यांच्या रोजच्या ओळखीची निळसर-हिरवी पूड. पाम थंडीने क्वचितच थेट मरतो. थंडीने गाभ्यातल्या पेशींना इजा होते, त्यात जीवाणू आणि बुरशी शिरतात आणि कोंब कुजतो. पामला वाढीचा तो एकच डोळा; तो गेला की एकखोडी झाड गेले. अरेकासारखे बेटाने वाढणारे मात्र पिल्लांतून परत येते. ही कूज लगेच दिसत नाही. लाट जानेवारीत येऊन जाते आणि सुई ढिली होते ती दोन-चार आठवड्यांनी, थंडी विसरल्यावर.

पाने डागाळली की आठवड्यातून एकदा मधली न उघडलेली सुई दोन बोटांत धरून हलके वर ओढा. घट्ट असेल तर सोडून द्या. सुटून हातात आली आणि बुडाशी तपकिरी, आंबूस वासाची बुळबुळ असेल, तर सुटेल तेवढे कुजके काढा. मेडिकलमध्ये मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळून गाभ्यात ओता. फेस जोरात उसळला तर आत अजून सडके असू शकते. तीन-चार दिवसांनी पुन्हा ओता. फेस मंदावला आणि गाभा कोरडा झाला की लिटरला ३ ग्रॅम कॉपर कालवून शेंड्यात सोडा. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा, आणि मग बस. तांबे साठत जाते आणि कोवळ्या उतींना जाळते. दर आठवड्याला ओतणारे लोक कुजेपासून वाचलेले झाड औषधाने घालवतात. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळी पावसात गाभ्यावर एखादा पत्रा तिरका धरा, पाणी साचू देऊ नका.

करपलेल्या झावळ्या लगेच कापू नका, हे कळकळीने सांगणे आहे. अर्धी हिरवी झावळी अजून झाडाला अन्न देते आणि खालच्या कोंबावर पांघरूण धरते. मार्चच्या मध्यात, पूर्ण वाळलेल्याच काढा. युरियाही तोवर नको. मुळे थंड असताना ती अन्न उचलत नाहीत. नवी पाने आखूड, चुरगळलेली आली तर तो मँगेनीजचा तुटवडा असू शकतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत तो नेहमीचा, म्हणून मँगेनीज सल्फेट लिटरला २ ग्रॅम पानांवरून द्या. पहिली एक-दोन पाने वाकडी येणारच. तिसरे सरळ आले की झाड वाचले समजा. एप्रिलच्या उन्हात मात्र अशा झाडावर ५० टक्क्यांचे हिरवे शेडनेट लावा, इजा झालेल्या खोडातून पाणी पुरेसे वर चढत नाही.

सायकस जानेवारीत पिवळा-तपकिरी पडला तर थंडीला दोष देऊ नका. पान उलटून पाहा: पांढरे खवले चिकटलेले असतील तर खवले कीड आहे, जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि निंबोळी तेल किंवा बागायती मिनरल ऑइल पानाच्या खालून फवारा. खवले नसतील तर खोड अंगठ्याने दाबा. कडक असेल तर पाने सगळी गेली तरी घाबरू नका, खोडातल्या साठ्यावर ते महिनोन् महिने काढते आणि उन्हाळा लागला की एका दमात नवा घेर फेकते. मऊ लागले तर पाणी जास्त झाले आहे. झाड उपसून पांढरा टणक भाग लागेपर्यंत चाकूने कोरा, कॉपरची कोरडी पूड चोळा आणि सावलीत आठवडाभर सुकू द्या. मग काळ्या मातीत नव्हे, निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत लावा.